वृंदवादनाच्या वर्गातले जागे कान
गेली काही वर्षे मी शाळकरी मुलांचे वृंदवादन घेतो. एकच रचना स्नेहसंमेलनापर्यंत घोटून घेतली की हात बसतो, पण कान मात्र झोपी जातात, हे मला उशिराच उमगले. म्हणून आता भूप हा राग पक्का झाला की त्याच पाच स्वरांतला देशकार मी वाजवून दाखवतो. भूपात गंधार वादी म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर, देशकारात धैवत, एवढ्यानेच रंग कसा पालटतो, हे बासरी, व्हायोलिन आणि संवादिनीवाली मुले आपसांत वाद घालून शोधतात. झपतालाच्या २-३-२-३ अशा १० मात्रांत मात्र सगळ्यांचीच तारांबळ उडते (विद्यार्थीदशेत माझीही उडत असे). अशा वेळी वाद्ये खाली ठेवून मी हातावर टाळी-खाली (तालात टाळी देण्याच्या आणि हात मोकळा सोडण्याच्या जागा) धरायला लावतो, आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोण चुकले हे मुलांना आपोआप कळते.