तुम्ही विचारलंत म्हणून: रेट बदलला तरी गिऱ्हाइकाला जुनाच का दिसतो?

मी देवगडात राहून आंबेवाल्यांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या साईट्स सांभाळतो. एप्रिल लागला की हा प्रश्न ठरलेला, कधी फोनवर तर कधी जामसंड्याच्या बाजारात उभ्या उभ्या: "अरे, पेटीचो रेट मी सकाळीच बदललंय, पुण्याच्या गिऱ्हाइकाक अजून जुनोच दिसता, असा कसा?" वर गिऱ्हाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट.

तर यात गिऱ्हाईक खोटं बोलत नाहीये आणि तुमची साईटही बिघडलेली नाहीये. आपल्याला व्हॉट्सॲपची सवय झालीय, तिथे मेसेज आपणहून येऊन पडतो, म्हणून वाटतं की साईटवर आकडा बदलला की तो सगळ्यांकडे पोचला. पण साधं वेबपेज तसं चालत नाही, ब्राउझरने विचारलं तरच सर्व्हर (तुमची साईट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलीय तो) बोलणार, नाही विचारलं तर तो ढिम्म. १९९१ सालच्या पहिल्या एचटीटीपीत (ब्राउझर आणि सर्व्हरची बोलायची ठरलेली पद्धत) तर ब्राउझरकडून एकच ओळ जायची, 'GET' म्हणजे 'दे' आणि पुढे पानाचा पत्ता, सर्व्हर पान पाठवायचा आणि कनेक्शन बंद करायचा. आता हेडर-बिडर, म्हणजे मागणी-उत्तराला जोडलेल्या सूचना, खूप वाढलेत पण मूळ स्वभाव तोच. (सर्व्हरने आपणहून पाठवायची सोय आहे, वेबसॉकेट म्हणतात, पण पेटीच्या रेटसाठी एवढं कशाला?)

पुण्याचा माणूस तुमच्या साईटचं नाव टाकतो तेव्हा ब्राउझर आधी डीएनएसला, म्हणजे साईट्सच्या नाव-पत्त्यांच्या वहीला, विचारतो की या नावाचा आयपी ॲड्रेस, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, काय, मग त्या ॲड्रेसवर कनेक्शन जोडतो, एन्क्रिप्शनची (मधल्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून लावायच्या कुलुपाची) बोलणी होतात आणि मग खरी मागणी जाते की हे पान दे. उत्तरात वर २०० हा कोड, म्हणजे सगळं ठीक, मग हेडर, मग पान. पान वाचता वाचता ब्राउझरला कळतं की यात कलमांच्या बागेचे फोटो आहेत, लोगो आहे, फॉन्ट आहे, की त्या प्रत्येकासाठी वेगळी मागणी. हे सगळं दर वेळी नव्याने मागवत बसलं तर आपल्याकडच्या रेंजवर काय होईल ते सांगायला नको, म्हणून ब्राउझर आलेला माल फोनमधेच साठवून ठेवतो. तोच कॅश.

आणि गोम इथेच आहे. किती वेळ साठवायचं हे सर्व्हरच हेडरमधे सांगतो, कॅश-कंट्रोल नावाच्या. त्यात मॅक्स-एज ८६४०० असेल तर ते सेकंद आहेत, म्हणजे २४ तास. मग त्या २४ तासांत ब्राउझर साधारणपणे सर्व्हरला विचारायलाही जात नाही, फोनमधलंच पान काढून दाखवतो. तुम्ही छापील दरपत्रक वाटून टाकलंत आणि नंतर घरच्या फळ्यावर आकडा पुसून नवा लिहिलात, तसलाच प्रकार. सर्व्हरला त्या फोनपर्यंत हात घालता येत नाही हो, मला तर नाहीच नाही!

मग उपाय काय? मी रेटच्या पानाला त्याच कॅश-कंट्रोलमधे नो-कॅश लावतो. त्यामुळे ब्राउझर पान ठेवतो, पण दाखवायच्या आधी सर्व्हरला विचारतो की माझ्याकडे या खुणेची प्रत आहे, चालेल का? त्या खुणेला ईटॅग म्हणतात. काही बदललं नसेल तर सर्व्हर नुसता ३०४ पाठवतो, पान पुन्हा येत नाही, डेटा वाचतो. बदललं असेल तर २०० आणि नवीन पान. फोटोंना मात्र खुशाल वर्षभराची मुदत द्यावी आणि फोटो बदलला की फाईलचं नावच बदलावं, म्हणजे ब्राउझरला ती नवीनच वस्तू वाटते.

एवढं करूनही एक जण उरतोच, ज्याने काल टॅब उघडला आणि तसाच ठेवला. त्याचा ब्राउझर काही विचारतच नाही कारण पान आधीच समोर आहे. त्याला पान खाली ओढून रिफ्रेश करायला सांगा. आणि ज्याने कोणी तुमची साईट बनवलीय त्याला एक जरूर विचारा, की ऑर्डर आल्यावर रक्कम सर्व्हर स्वतःच्या रेटने काढतो की ब्राउझरने पाठवलेला आकडा मुकाट घेतो? दुसरं असेल तर आधी ते बदलून घ्या, कारण ब्राउझरमधून येणारा आकडा कोणीही हवा तसा करून पाठवू शकतो. जुन्या रेटचा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याला पेटी कितीला द्यायची ते तुमचं तुम्ही बघा.