छोट्या डायनासोर अंड्यांची ओळख: आतापर्यंत काय जमलं

विक्रीला आलेल्या छोट्या ‘डायनासोर अंड्यां’चे फोटो जमवून ताडून पाहायचं काम पावसाळ्यापासून चालू आहे. आता एक गोष्ट ठाम सांगतो: आकारावरून काही ठरवू नका, तुटलेली कड बघा.

डायनासोरचं अंडं इतकं लहान असू शकतं का, हा प्रश्न मात्र निकालात निघालाय. जपानमध्ये ह्योगो प्रांतातल्या तांबा इथल्या ‘हिमेऊलिथस’ (हे अंड्याच्या प्रकाराला दिलेलं नाव) या प्रकारातली अंडी जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब आहेत (२०२० मध्ये वर्णन झालं). चीनमधल्या गांझोउचं ‘मिनिऊलिथस’ तर सुमारे २९ मिलिमीटरचं. पण ही अंडी संशोधकांकडे आहेत. बाजारात त्या मापाचं जे येतं, त्यातलं माझ्या पाहण्यात आलेलं बहुतेक सगळं गाळात खनिज साचून बनलेले गोटेच.

गोटा आणि अंडं यांतला फरक कडेला कळतो. खऱ्या अंड्याला टरफल असतं: सगळीकडे साधारण सारख्या जाडीचा, आतल्या गाळापेक्षा वेगळ्या पोताचा थर. गोट्यात दाणा बाहेरून आतपर्यंत एकसारखा जातो, किंवा वर रंगाची एक साय असते जी आत हळूहळू विरत जाते. तडे गेलेले गोटे सगळ्यात फसवे. त्यांच्या भेगा आत रुंद होत जातात आणि त्यांत कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) भरलेलं असतं, तर टरफलाचे तुकडे बारीक रेषांनी विभागलेले, आत दबलेले दिसतात. तमिळनाडूत पेरंबलूरला २०२० मध्ये ‘डायनासोरची अंडी’ म्हणून गाजलेले दगडही शेवटी गोटेच ठरले.

आपल्याकडे बसाल्टचा धोका जास्त. झिजताना त्याचे गोल दगड कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतात, आणि पापुद्रा म्हणजे टरफल असं वाटणं साहजिक आहे. पण लाव्हाच्या खडकात अंडं टिकत नाही. भारतातली टायटॅनोसॉरची (लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरची) अंडी लामेटा नावाच्या गाळखडकात मिळतात: गुजरातेत बालासिनोरजवळ, मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात. ती १५ सेंटिमीटरच्या आसपासची, गोल आणि जाड कवचाची. एकाहून जास्त पापुद्रे दिसले की मी ते नाकारतो. अपवाद आहे, पण दुर्मीळ: धारमधल्या पाडल्याजवळ अंड्यात अंडं असलेला नमुना सापडला, त्यावरचा शोधनिबंध २०२२ चा.

भिंगाचं काम आता चांगलं जमतंय. दहापट भिंग, ताजी तुटलेली कड आणि बाजूने तिरका प्रकाश एवढं पुरतं. डायनासोरच्या टरफलात कॅल्साइटचे उभे खांब एकमेकांना लागून दिसतात. मांसाहारी गटाच्या अंड्यांत वरचा आणि खालचा थर वेगळा ओळखू येतो. कासवाच्या टरफलात सुया पंख्यासारख्या पसरतात. सरावाला कोंबडीचं टरफल फार पातळ, शहामृगाचं सुमारे दोन मिलिमीटरचं उत्तम. शहामृग महाराष्ट्रातही होतं, जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे नक्षी कोरलेलं त्याचं टरफल मिळालंय, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचं. विषयाशी थेट संबंध नाही, पण हे आठवलं की मला दरवेळी आनंद होतो.

लिंबू किंवा ॲसिड टाकून फेस बघण्याची चाचणी सोडून द्या. कॅल्साइट असलेला कुठलाही गोटा फेसाळतो, आणि खरं टरफल असलं तर ते खराब होतं.

बनावट नमुन्यांत टरफलाचे तुकडे खरे असतात, मांडणी खोटी. प्लास्टर किंवा वाळू-गोंदाच्या गोळ्यावर ते चिकटवलेले असतात. लांबट अंड्यांवर बारीक कण्या, म्हणजे उंचवट्यांच्या रेषा असतात. मधल्या भागात त्या लांबीच्या दिशेने धावतात. बनावटीत शेजारच्या दोन तुकड्यांवरच्या कण्या भलत्याच दिशांना जातात, आणि कडा एकमेकींत बसत नाहीत. अतिनील टॉर्चखाली गोंद अनेकदा चमकतो.

लेबलही वाचा. लांबट, कडक टरफलाच्या अंड्यावर ‘प्रोटोसेराटॉप्स’ (एक शाकाहारी डायनासोर) लिहिलेलं असलं तर विकणाऱ्याची माहिती जुनी आहे. १९२३ मध्ये मंगोलियात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला मिळालेली अंडी त्याचीच मानली गेली होती. १९९३ मध्ये तसल्याच अंड्यात ओव्हिरॅप्टर या पक्ष्यांशी जवळच्या डायनासोर गटाचा भ्रूण मिळाला आणि ओळख बदलली. २०२० च्या संशोधनाप्रमाणे प्रोटोसेराटॉप्सची अंडी तर मऊ टरफलाची होती.

खरेदी मी करत नाही. मंगोलियात जीवाश्म देशाच्या मालकीचे आहेत, आणि चीनमधून परवानगीशिवाय ते बाहेर नेता येत नाहीत. अस्सल अंडं ओळखता आलं, तरी ते बाजारात कसं आलं हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही, आणि ते मला अंड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

पुढचं काम पातळ कापांचं: शहामृगाच्या टरफलाचा तुकडा रेझिनमध्ये बसवून, ओल्या पॉलिश पेपरवर घासून प्रकाश आरपार जाईपर्यंत पातळ करायचा. रेझिन आलंय. काचपट्ट्या आल्या की सुरुवात.