चौदा, सोळा की अठरा: गेमिंग लॅपटॉपचा आकार ठरवताना

गेमिंग लॅपटॉप घेण्याचा विचार घरात सुरू झाला की पहिला प्रश्न खेळातील चित्रे रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा येतो, दुसरा किमतीचा, आणि पडद्याचा आकार मात्र रंगासारखाच आवडीनिवडीचा विषय म्हणून सर्वांत शेवटी निघतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. आकार एकदा ठरला की आतील कार्डाला किती वीज मिळणार, पंखे किती आवाज करणार, रॅम पुढे वाढवता येणार की नाही आणि यंत्र रोज पाठीवर नेणे जमणार की नाही, हे बहुतांशी ठरूनच जाते. यंदा नागपूरला अभियांत्रिकीसाठी निघालेल्या भाच्यासाठी एक आणि स्वतःसाठी एक, अशा दोन लॅपटॉपांची निवड माझ्याकडे आली. दोघांचे अंदाजपत्रक जवळपास सारखे असूनही उत्तरे वेगळी आली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी इंचांविषयी. जाहिरातीतील इंचाचा आकडा पडद्याच्या कर्णाचा असतो आणि पडद्याच्या गुणोत्तरानुसार त्याच कर्णातून वेगवेगळी रुंदी-उंची निघते. वर्षानुवर्षे प्रचलित असलेला १५.६ इंची पडदा १६:९ या गुणोत्तराचा आहे. त्याची रुंदी सुमारे ३४.५ सेंटिमीटर आणि उंची १९.४ सेंटिमीटर भरते. आता सर्वत्र दिसणारा १६ इंची पडदा १६:१० गुणोत्तराचा असल्यामुळे त्याची रुंदी तेवढीच राहते, उंची मात्र २१.५ सेंटिमीटर होते. गंमत अशी की जुन्या १७.३ इंची पडद्याची उंचीही नेमकी २१.५ सेंटिमीटरच होती. पंधराची रुंदी आणि सतराची उंची एकाच यंत्रात मिळू लागल्यावर सतरा इंची लॅपटॉपाला फारसे प्रयोजन उरले नाही, आणि मोठ्या यंत्रांच्या ग्राहकांसाठी कंपन्या एक पायरी वर सरकल्या. जानेवारी २०२३ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात असूस, एसर, एलियनवेअर आणि रेझर या सर्वांनी अठरा इंची लॅपटॉप मांडले, ते याच बदलाचा भाग म्हणून. क्षेत्रफळ काढले तर १४ इंची पडदा सुमारे ५६८ चौरस सेंटिमीटरचा, १६ इंची ७४२ चा आणि १८ इंची ९३९ चा होतो. चौदा आणि अठरा यांत चारच इंचांचे अंतर वाटते. प्रत्यक्षात पडदा ६५ टक्क्यांनी वाढलेला असतो.

हे क्षेत्रफळ केवळ डोळ्यांसाठी नसते. पडद्याखाली तेवढाच मोठा सांगाडा येतो आणि त्या सांगाड्यातून किती उष्णता बाहेर फेकता येते, यावर यंत्राची खरी ताकद ठरते. भाच्याने पाठवलेल्या यादीतील लॅपटॉपांत एनव्हिडिया कंपनीचे गेल्या पिढीचे आरटीएक्स ४०७० हेच ग्राफिक्स कार्ड होते, त्यामुळे त्याचा प्रश्न साधा होता: “मामा, कार्ड तेच आहे, मग लहान आणि हलका का नको?” कार्डाचे नाव तेच असले तरी त्याला मिळणारी वीज तीच नसते. एनव्हिडियाच्या आकडेवारीनुसार लॅपटॉपातील ४०७० ला ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देण्याची कंपन्यांना मुभा आहे, आणि प्रोसेसरला गरज नसेल तेव्हा त्याच्या वाट्यातून आणखी २५ वॉट कार्डाकडे वळवता येतात. असूसच्या २०२४ च्या चौदा इंची झेफिरस जी१४ मध्ये हे कार्ड जास्तीत जास्त ९० वॉटवर चालते, तर लेनोव्होच्या सोळा इंची लीजन प्रो ५ मालिकेत ते पूर्ण १४० वॉटपर्यंत जाते. पूर्वी कमी विजेवर चालणाऱ्या कार्डांना ‘मॅक्स-क्यू’ असे वेगळे नाव होते, त्यामुळे ग्राहकाला निदान कल्पना तरी यायची. २०२१ मध्ये आरटीएक्स ३००० मालिकेपासून ही पाटी गळाली, आणि वॉटचा आकडा तपशीलपत्रात कोठेतरी बारीक अक्षरांत शोधण्याची जबाबदारी आपल्यावर आली.

अर्थात वीज दीडपट झाली म्हणून दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या दीडपट होत नाही. कार्ड जसजसे आपल्या मर्यादेजवळ जाते, तसतसा प्रत्येक वाढीव वॉटचा लाभ कमी होत जातो. त्यामुळे ९० वॉटचा ४०७० हा १४० वॉटच्या ४०७० पेक्षा थोडा मागे असतो, निम्मा नसतो. किंमत आणि श्रेणी वाढत जाते, तशी ही तफावत अधिक बोचू लागते. लॅपटॉपातील आरटीएक्स ४०९० कमाल १७५ वॉटवर चालते, आणि डेस्कटॉपमधील त्याच नावाचे कार्ड ४५० वॉटचे आहे. दोन्हींतील चिपसुद्धा एक नाही. एवढे महागडे कार्ड पातळ चौदा किंवा सोळा इंची कवचात घालून घेणे मला पटत नाही. ज्याला त्या श्रेणीचे कार्ड खरोखर हवे आहे, त्याने जाड सोळा किंवा अठरा इंची यंत्राकडेच वळावे.

आवाजाचा मुद्दाही येथेच येतो. तेवढीच हवा बाहेर फेकायची तर लहान पंख्यांना मोठ्या पंख्यांपेक्षा जास्त वेगाने फिरावे लागते, आणि त्यातून निघणारा आवाज मोठा तर असतोच, शिवाय चिरकाही असतो. हेडफोन लावून खेळणाऱ्याला तो जाणवत नाही. खोलीत शेजारच्या पलंगावर अभ्यास करणाऱ्याला पुरेपूर जाणवतो. वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी लॅपटॉप निवडताना रूममेटचा विचार कोणी करत नाही, तो करावा.

भाच्याच्या बाबतीत निर्णायक ठरली ती नागपूरची हवा. लॅपटॉपची शीतनव्यवस्था यंत्राला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानाच्या वर ती यंत्राला ठराविक अंशांपलीकडे जाऊ देत नाही, इतकेच. परीक्षणे लिहिणारे लोक बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत मोजमाप करतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत बाहेर ४५ अंशांच्या आसपास पारा असतो आणि कूलर लावलेल्या खोलीतही पस्तिशी सहज ओलांडली जाते. त्या परीक्षणात ८५ अंशांवर स्थिर राहिलेला प्रोसेसर आपल्याकडे थेट संरक्षक मर्यादेला जाऊन भिडतो आणि मग स्वतःचा वेग कमी करून घेतो. मोठ्या सांगाड्यात हा फरक सामावून घेण्याइतकी जागा उरते, चौदा इंचीत ती उरत नाही. विदर्भ-खानदेशात बिनाएसीच्या खोलीत खेळायचे असेल तर मनात असलेल्या आकारापेक्षा एक पायरी वर जावे किंवा वॉट कमी करून खेळण्याची तयारी ठेवावी. कूलरमुळे खोलीत येणारी दमट हवा आणि बारीक धूळ पाहता, पंखे आणि जाळी साफ करण्यासाठी तळाचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडते का, हेही पाहिलेले बरे.

इतके वाचून चौदा इंची यंत्रांविषयी माझे मत वाईट आहे असा समज होऊ शकेल, पण तसे नाही. २०२० मध्ये पहिला झेफिरस जी१४ सुमारे १.६ किलो वजनात आरटीएक्स २०६० घेऊन आला, तेव्हापासून ‘गेमिंग लॅपटॉप म्हणजे दप्तरातला दगड’ ही समजूत खोटी ठरली आहे. २०२४ ची आवृत्ती दीड किलोची आहे. तिचा सांगाडा ३१ बाय २२ सेंटिमीटरचा, म्हणजे ए४ कागदाहून थोडा मोठा आहे. तिच्यावरील २८८० बाय १८०० पिक्सेलचा ओलेड पडदा फार देखणा दिसतो. मात्र त्या पडद्यावर पूर्ण ५२ लाख पिक्सेल हलवण्याचे काम त्याच ९० वॉटच्या कार्डाला करायचे असते, आणि अनेक खेळांतील नकाशे व सूचना इतक्या बारीक दिसतात की चाळिशी लागलेल्या माझ्यासारख्याला चष्म्याशिवाय पर्याय उरत नाही. शिवाय रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते आणि साठवणुकीच्या एसएसडीसाठी एकच खाच असते. म्हणून आज १६ जीबी घेऊन नंतर वाढवू, हा आपला नेहमीचा बेत येथे चालत नाही. त्या लीजनमध्ये रॅमच्या दोन आणि एसएसडीच्या दोन खाचा आहेत. चार वर्षे एकच यंत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याचे मोल वजनातल्या एक किलोपेक्षा अधिक आहे.

बॅटरीबाबत लोकांची एक अपेक्षा हमखास चुकते: यंत्र मोठे तर बॅटरीही तेवढीच मोठी असणार. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास असल्यामुळे कोणतीही कंपनी लॅपटॉपात त्यापुढे जात नाही. परिणामी जी१४ मध्ये ७३, लीजन प्रो ५ मध्ये ८० आणि असूसच्या स्ट्रिक्स स्कार १८ मध्ये ९० वॉट-तासांची बॅटरी आहे. पडदा ६५ टक्क्यांनी वाढतो, बॅटरी मात्र चौथ्या हिश्शानेसुद्धा वाढत नाही आणि मोठ्या यंत्राचा प्रोसेसर अधिक खादाड असतो. यंत्राने एकूण १०० वॉट ओढले तरी ९० वॉट-तासांची बॅटरी तासभरही पुरणार नाही. म्हणून बॅटरीवर खेळण्याचा विचार कोणत्याच आकारात करू नये. बॅटरी महत्त्वाची आहे ती व्याख्यानाला, कार्यालयीन कामाला आणि प्रवासाला, आणि तेथे लहान यंत्र सरस ठरते. त्याला शंभर वॉटच्या यूएसबी-सी चार्जरवरही भागवता येते, तर मोठ्या यंत्रासोबत पाऊण ते एक किलोचा अडॅप्टर वागवावा लागतो. वजनाची तुलना करताना अडॅप्टरसह वजन धरावे. कंपन्या ते धरत नाहीत.

ज्या गावांत वीज वरचेवर जाते, तेथे इन्व्हर्टरचाही हिशेब करावा. खेळताना ३०० वॉट ओढणारा अठरा इंची लॅपटॉप म्हणजे घरातल्या चार जुन्या छतपंख्यांइतका भार आहे, आणि भारनियमनाच्या दुपारी त्याला कौटुंबिक मान्यता मिळणे अवघड आहे.

अठरा इंची यंत्र मग घ्यावे कोणी? स्कार १८ चे वजन ३.१ किलो आणि सांगाडा ४० बाय २९ सेंटिमीटरचा आहे. साध्या सॅकच्या लॅपटॉप कप्प्यात तो जात नाही, आणि केबिन बॅगेला सात किलोंची मुभा असेल तर अडॅप्टरसह अर्ध्याहून अधिक मुभा तोच खातो. ज्याच्या घरी पक्के टेबल आहे त्याने अठरा इंचीऐवजी डेस्कटॉप घ्यावा, किंवा लहान लॅपटॉपला २७ इंची मॉनिटर जोडावा. दोन्ही मार्ग स्वस्त आहेत आणि मानेलाही सोयीचे. मला अठरा इंची लॅपटॉप शोभून दिसला तो मर्चंट नेव्हीत असलेल्या एका मित्राकडे. तो मूळचा रत्नागिरीचा. वर्षातले कित्येक महिने त्याचा मुक्काम बोटीवरच्या केबिनमध्ये असतो, तेथे टेबल असते पण मॉनिटर नेणे शक्य नसते, आणि यंत्र उचलायचे ते बोटीवर चढताना आणि उतरताना. दरवर्षी नव्या शहरात बदली होणाऱ्या नोकरदारालाही हाच न्याय लागू होतो. जो माणूस यंत्र रोज हलवत नाही, पण ज्याचे घरच हलत असते, त्याच्यासाठी हा आकार आहे.

लाखाच्या आसपास ज्यांचे अंदाजपत्रक संपते, त्यांच्यापुढे हा सगळा विचार बराचसा आपोआप आटोपतो. एलओक्यू, व्हिक्टस, टफ, नायट्रो या मालिकांतील १५.६ इंची यंत्रे अजूनही त्या किमतीत सर्वाधिक ताकद देतात. तेथे आकाराऐवजी पडद्याचा दर्जा तपासावा. स्वस्त प्रतीत फिकट रंगांचा, ४५ टक्के एनटीएससीचा पडदा माथी मारला जातो, तर थोड्या अधिक पैशांत १०० टक्के एसआरजीबीचा मिळू शकतो (पडदा किती रंग दाखवतो, हे मोजण्याची ही दोन मापे). एक छोटी बाब म्हणजे नमपॅड, म्हणजे कळफलकाच्या उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गट: पंधरा-सोळा इंची बऱ्याच यंत्रांत तो असतो, चौदा इंचीत नसतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या घरच्या मंडळींना तो लागतोच. खेळणाऱ्याला मात्र त्यामुळे कळफलक डावीकडे सरकल्याने सुरुवातीला अवघडल्यासारखे होते.

अखेर भाच्यासाठी सोळा इंची, अडीच किलोचा, जाड कवचाचा लॅपटॉप घेतला. त्याचे वसतिगृह महाविद्यालयाच्या आवारातच असल्यामुळे यंत्र बहुतेक वेळ खोलीतच राहणार आहे आणि उन्हाळ्याचा प्रश्न वर सांगितलाच आहे. त्याला तो दिसायला आवडलेला नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. मी स्वतः चौदा इंची घेतला, कारण मला कामासाठी पुणे-मुंबई रेल्वेप्रवास सतत करावा लागतो, खेळतो ते रात्री घरी टेबलावर, आणि तेथे मॉनिटर आधीपासूनच आहे. खरेदीला जाण्याआधी आम्ही एक गोष्ट केली, ती इतरांनाही सुचवतो. खोक्याचा पुठ्ठा लीजनच्या मापाने, ३६ बाय २६ सेंटिमीटरचा कापून भाच्याच्या नेहमीच्या सॅकमध्ये घालून पाहिला. चेन लागली नाही, तेव्हा लॅपटॉपसोबत नवी सॅकही हिशेबात धरली. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराला कार्डाचे वॉट विचारले तेव्हा त्याने आधी ‘सेम कार्ड आहे साहेब’ असेच उत्तर दिले. कंपनीचे तपशीलपत्र फोनवर उघडून आकडा दाखवल्यावरच पुढचे बोलणे रुळावर आले.