अर्धी गोळी

रामबागेतल्या आजींच्या सुनेचा फोन आला. "मॅडम, आमची मांजर चिंगी ऑपरेशनपासून अन्नाला शिवत नाहीये. अंगही तापलंय. आईंनी गोळी काढून ठेवलीये, देऊ का?"

"कुठली गोळी?"

"आपली नेहमीचीच, तापावरची."

तिला म्हटलं, गोळी अजिबात द्यायची नाही, मी निघालेच. इंदूरच्या त्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून स्कूटर काढली.

महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात पॅरासिटामॉल आणि मांजर हा धडा आमच्याकडून अक्षरशः घोकून घेतला होता. ही गोळी पचवून निकामी करायला जे विकर (एन्झाइम) लागतं, ते मांजराच्या यकृतात फारच कमी असतं. मग रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, धाप लागते. तीन किलोच्या मांजरीला ५०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी म्हणजे सरळ जिवाशी गाठ.

गेले तर आजींनी गोळी कुटून, कागदाची पुडी बांधून दुधाच्या वाटीशेजारी तयारच ठेवलेली. चिंगी दिवाणाखाली, गळ्यात प्लास्टिकचा मोठा कॉलर. परवाच नसबंदी झालेली. पोटावरचे टाके बघितले: कोरडे, सूज नाही, वास नाही. हिरड्या गुलाबी. थर्मामीटर लावला, १०१.४.

"बघा, आहे की नाही ताप!" आजी म्हणाल्या.

"आजी, मांजरीचं अंग एवढं गरम असतंच. १०० ते १०२ पर्यंत तिचं सगळं ठीक."

आजींना हे काही पटलं नाही. पण त्यांची चूक तरी काय म्हणायची? घरात चार पोरं वाढवताना कपाळावर हात ठेवूनच निदान केलेलं, आणि तो हात मांजरीला लावला की ताप लागणारच.

खरी काळजी तिच्या उपाशी राहण्याची होती. मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याविना राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, लठ्ठ मांजरीत तर लवकरच. म्हटलं, जेवण दाखवा. सुनेने गॅलरीतल्या छोट्या फ्रिजमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा आणला. घरात अंडंही चालत नाही, त्यामुळे चिकनच्या पाऊचचा संसार गॅलरीत! ते गारेगार चिकन खोलगट वाटीत घालून तिच्यासमोर ठेवलं, तर कॉलरची कड वाटीला आपटली आणि ती दचकून मागे सरली. शिवाय गार अन्नाला वासच येत नाही, आणि मांजर वासावरच जेवतं.

बाथरूममधून मगभर गरम पाणी मागवलं आणि त्यात पाऊच थोडा वेळ बुडवून ठेवला. स्टीलच्या डब्याचं सपाट झाकण घेतलं, त्यावर चमचाभर चिकन पसरलं आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दाराच्या फटीतून बघत होतो. आधी नुसती नाकपुडी हलली. मग झाकण सरकल्याचा आवाज. थोड्या वेळाने आत गेले तर निम्मं संपलेलं.

निघताना सांगितलं: ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक तेवढंच, त्यांनी सांगितलेल्या मापाने. उड्या नकोत, म्हणून दिवाणाच्या खोलीतच ठेवा. मातीऐवजी ट्रेमध्ये फाडलेला कागद, म्हणजे टाक्यांत कण जाणार नाहीत. टाके काढेपर्यंत कॉलर काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघत असली तरी.

संध्याकाळी सुनेचा फोन: दुसरं झाकणही फस्त, ट्रे ओला. आजींनी मुलाला पाठवून चिंगीसाठी वेगळा थर्मामीटर आणवलाय, फक्त तो शेपटीखाली लावणार कोण यावर घरात अजून एकमत होत नाहीये.