तीन पायल्या जोंधळा

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. "डॉक्टर, घोडीनं जोंधळा खाल्लाय. किती ते काय की, पण पोतं निम्मं झालंय."

तात्यांकडे वरातीचे तीन घोडे आहेत. देगावच्या बाजूला पत्र्याचं शेड, आणि शेडला लागूनच मंगळवेढ्याहून आणलेल्या मालदांडी जोंधळ्याच्या पोत्यांची थप्पी. रात्री दावं सुटलं आणि घोडीनं सरळ पोत्यात तोंड घातलं. तात्यांच्या अंदाजानं तीन पायल्या गेला असेल. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलं ते पुढंच सरकणार आणि आतड्यात आंबणार.

मी मुख्यतः गाई-म्हशींचा डॉक्टर. परळच्या कॉलेजात असताना महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पोचलो असेन तेवढाच माझा रेसच्या घोड्यांशी संबंध. ही घोडी मात्र तिकडचीच. "डर्बी मारलेली आहे," म्हणजे रेसमधली मानाची शर्यत जिंकलेली, असं तात्या प्रत्येक नवरदेवाच्या बापाला सांगतात. सोलापुरात रेसकोर्सवरून आलेलं प्रत्येक जनावर डर्बी मारूनच येतं. मानेवर स्कॅनर फिरवला तर चिपचा पंधरा आकडी नंबर आला, म्हणजे नोंदणी झालेली थरोब्रेड, रेसच्या जातीची, हे खरं. पण डर्बी जिंकलेली घोडी स्टडफार्मवर शिंगरं देते, वरातीत बॅटरीचे दिवे मिरवत नाही. हे मी तात्यांना बोललो नाही. लग्नसराईचे दिवस होते.

नाकातून नळी घालून चार लिटर लिक्विड पॅराफिन सोडलं, इंजेक्शन दिलं. मग म्हणालो, "बर्फ आणा. पुढचे दोन्ही पाय गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. दोन दिवस तरी, रात्रंदिवस."

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मलाच जोंधळा बाधलाय. "पाय तर झ्याक हायेत की! दुखणं पोटाचं, अन् बर्फ पायाला?"

त्यांचंही चुकत नव्हतं. घोडी चारही पायांवर ठाम उभी होती. पण दाणा बाधला की विष रक्तात उतरतं आणि एक-दोन दिवसांनी खुरावर निघतं. खुराच्या कवचाच्या आत एक हाड असतं. कवच आणि हाड यांच्यामध्ये बारीक पदर एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्या पदरांवर घोड्याचं सगळं वजन टांगलेलं असतं. ते पदर सुजून सुटले की हाड खाली फिरतं. लॅमिनायटिस म्हणतात तो हाच. बर्फाचा सगळ्यात जास्त उपयोग पाय दुखायला लागण्याआधी. म्हणून तेव्हाच लावायचा. ऑस्ट्रेलियात पोलिट आणि व्हॅन एप्स यांनी प्रयोगात घोड्यांचा एकच पाय बर्फात ठेवला, तर तेवढा एकच पाय वाचला होता.

हे सगळं तात्यांना पटलं असं नाही. पण अक्कलकोट रोडवरून लाद्या आल्या. खताच्या गोणीत आतून असते ती जाड प्लॅस्टिकची पिशवी पायात मोज्यासारखी चढवायची, वरून चिकटपट्टीनं बांधायची आणि बर्फाचा चुरा भरायचा. दुपारी पारा चाळिशीला टेकला होता. लादी उतरवेपर्यंत तिचे कोपरे गोल व्हायचे. दोन गिऱ्हाइकांना तात्यांनी "दुसरा घोडा देतो" म्हणून कळवलं, आणि प्रत्येक फोननंतर ते माझ्याकडं न बघता तंबाखू मळत बसले.

संध्याकाळी त्यांना सेक्रेटेरिएटची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला लालसर तांबडा घोडा. १९७२ च्या पहिल्याच शर्यतीत चौथा आला. पुढच्या वर्षी तिकडच्या तिन्ही मोठ्या शर्यती त्यानं मारल्या. त्याआधी पंचवीस वर्षं हे कुठल्याच घोड्याला जमलं नव्हतं. तिसरी शर्यत बेलमाँटची, दीड मैलांची, म्हणजे आपल्या इंडियन डर्बीएवढीच. ती त्यानं २ मिनिटं २४ सेकंदांत आणि ३१ घोड्यांच्या लांबीनं जिंकली. तो वेळ आजवर मोडलेला नाही. तात्यांच्या पोरानं मोबाइलवर शर्यत लावली. शेवटच्या वळणानंतर कॅमेऱ्याला दुसरा घोडा धरता धरता पुरेवाट होते. पोरगा मित्राला म्हणाला, "बाकीचे घोडे कुठं गेले बे?"

तात्यांनी ती शर्यत तीनदा पाहिली. मग विचारलं, "मेला कशानं?"

"याच दुखण्यानं. ऑक्टोबर १९८९. पाय बरे होईनात म्हणून शेवटी इंजेक्शन देऊन झोपवला. १९ वर्षांचा होता." आतून हृदय केवढं मोठं होतं, डॉक्टरांनी ते दहा किलोंच्या घरात धरलं, हेही सांगायचं होतं, पण तात्या हृदयाच्या गोष्टीला थांबले नाहीत. "अन् अशी कुठली घोडी?" ऑस्ट्रेलियाची ब्लॅक कॅव्हियार, पंचवीस शर्यती, पंचवीस जिंकल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तीही लॅमिनायटिसनंच गेली. तात्या उठले आणि स्वतः बर्फ फोडायला बसले.

पहिली रात्र तात्यांनी काढली. दुसऱ्या रात्रीची पाळी पोराची. पहाटे पाचला मी गेलो तर तो पोत्यांवर झोपलेला. उजव्या पायाची पिशवी भरलेली, डावी तळाशी फाटलेली आणि रिकामी. केव्हा फाटली, कुणाला माहीत नाही. डाव्या खुराला हात लावला, गरम. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोटं ठेवली की नाडी लागते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. डावीकडची बोटाला हाणत होती. उजवी शोधायला मला अर्धं मिनिट लागलं. त्या क्षणी मला प्रयोगातला तो एक पाय आठवला. माझ्या इथं तो उलटा झाला होता.

नालबंदाला बोलावून नाल काढली, थर्माकोलची जाड पट्टी कापून खुराखाली बांधली. कुणीतरी "फिरवा, मोकळी होईल" असं सांगितलं होतं. त्या माणसाला मी फोनवरच झापलं. अशा पायावर चालवणं म्हणजे उरलेले पदरही फाडणं. चौथ्या दिवशी एक्स-रे काढला. डाव्या खुरातलं हाड थोडं फिरलेलं, उजव्यातलं जागच्या जागी.

पोराला कुणी बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. महिनाभर तो माझ्याशी नजर चुकवत होता, आणि नाल बदलायच्या दिवशी मात्र न सांगता हजर असायचा.

घोडी जगली. वरात मात्र बंद. डांबरावर तासभर नाचणं आता तिला झेपणार नाही. तात्या तिला विकतही नाहीत. नवरदेवाच्या बापाला अजून तिच्याकडं बोट दाखवून डर्बीचं सांगतात आणि शेजारचा घोडा देतात.

फीबद्दल मी विषय काढला नव्हता. एका रविवारी पोरगा मोटारसायकलवरून अर्धं पोतं घेऊन आला. तोंड सुतळीनं शिवलेलं. बायकोनं विचारलं, "हे तेच पोतं का?" मी दळण टाकून आलो.