एरर १०४४ म्हणजे पासवर्ड चुकलेला नाही!

आमच्या वाचनालयाची सभासदांची आणि पुस्तकांची नोंदवही मी घरच्या कॉम्प्युटरवर पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिली होती. ती शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्सनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर) चढवायला एक संध्याकाळ पुरेल, असं कार्यवाहकाकांना सांगून बसलो. डोमेन, फायली, सगळं तासाभरात झालं. मग तीन दिवस डेटाबेसने खाल्ले.

सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर, डेटाबेस बनवला, युजर बनवला, दोन्ही नावं साइटच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये टाकली. साइट म्हणाली, 'ॲक्सेस डिनाइड', एरर १०४५. ही चूक माझीच. सीपॅनल दोन्ही नावांच्या आधी खात्याचं नाव आणि अंडरस्कोर जोडतं. मी ते लिहिलंच नव्हतं. दुरुस्त केलं, तर पुन्हा 'ॲक्सेस डिनाइड'. आकडा आता १०४४ झाला होता, पण तिकडे लक्ष कोण देतो?

सपोर्टला तिकीट टाकलं. "सर, पासवर्ड रीसेट करून बघा." केला. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, तेच उत्तर. चार वेळा रीसेट केला! त्यात डेटाबेस आतून दाखवणारं पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं की टेबलं सगळी जागच्या जागी, म्हणजे दोष माझ्या कोडचाच असणार असं वाटून रात्री दोनपर्यंत कोड चाळला. काकांचा फोन: "अरे, सभासदांची नावं उडाली की काय?"

फसलो ते इथेच. सीपॅनलमधून उघडलेलं पीएचपीमायअ‍ॅडमिन खातेदाराच्या हक्काने चालतं, त्याला खात्यातले सगळे डेटाबेस दिसतात. साइट आत जाते ती आपण बनवलेल्या युजरच्या नावाने. १०४५ म्हणजे दिंडीदरवाजातच अडवलं. १०४४ म्हणजे वाड्यात घेतलं, पण या खोलीत नाही. पासवर्ड बरोबरच होता. युजर डेटाबेसला जोडायचाच राहिला होता! डेटाबेस बनवला त्याच पानावर खाली 'ॲड युजर टू डेटाबेस' असा वेगळा चौकोन आहे. तिथे दोन्ही निवडले आणि घाईत 'ऑल प्रिव्हिलेजेस'वर टिक केली. साइट सुरू. (एकेक पायरी करून नेणाऱ्या विझार्डमधून गेलात तर ही पायरी चुकत नाही. मला विझार्ड म्हणजे नवशिक्यांचं काम वाटलं होतं.)

नंतर शांतपणे हक्क कमी केले. नोंदवहीला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट (नोंदी वाचणं, भरणं, बदलणं, खोडणं) एवढे चार पुरतात. टेबल उडवायचा ड्रॉप कशाला हवा?

हो, आणि या तीन दिवसांत तो एररचा मजकूर युजरच्या नावासकट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होता. चुका पानावर दाखवणारं पीएचपीचं 'डिस्प्ले एरर्स' सेटिंग आधी बंद करा, एरर लॉगमध्ये वाचा. त्याहून वाईट म्हणजे इम्पोर्टसाठी आणलेली एसक्यूएल फाइल (अख्ख्या डेटाबेसची नक्कल) मी पब्लिक_एचटीएमएल या सगळ्यांना खुल्या फोल्डरमध्येच विसरलो होतो. पत्ता टाकला की कुणीही सभासदांचे फोन नंबर उतरवून घेतले असते. लक्षात आलं तेव्हा पोटात गोळाच आला.

तिकीट त्यांनी परवा बंद केलं. शेरा: 'पासवर्ड रीसेट केल्याने समस्या सुटली.'