नाळे बर्री! जिप्सीच्या हेडलाइटपायी घालवलेले नऊ दिवस

जांबोटी सोडून कणकुंबीकडं निघालं की पावसाळ्यात धुकं असं उतरतं की स्वतःचं बॉनेट दिसलं तरी नशीब. माझी जिप्सी १९९९ची, आणि तिचे दिवे म्हणजे देवघरातली समई. गेल्या जुलैत चोर्ल्याच्या एका वळणावर समोरच्या टेम्पोवाल्यानं काच खाली करून सुनावलं, "लाईट लाव की मामा!" लाईट लागलेलेच होते.

बेळगावात परतल्यावर पहिला सल्ला मिळाला तो १००/९० वॅटचे (हाय झोत/लो झोत) बल्ब घालायचा. घालू नका. मूळ एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो आणि तो पुरतो. दुखणं वायरीत असतं. जुन्या गाडीत दोन्ही दिव्यांचा करंट बारीक वायरींतून आणि स्टिअरिंगखालच्या स्विचमधून फिरतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मी मल्टिमीटर धरला: बॅटरीवर १३.८ व्होल्ट, बल्बच्या सॉकेटात ११.७. दोन व्होल्ट म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के पडतो. माझा चाळीस टक्क्यांवर उजेड वाटेतच सांडत होता. अशा वायरीतून १०० वॅटचे दोन बल्ब पेटवले तर सोळा-सतरा अँपिअर जाणार, आणि आधी वितळणार तो स्विच.

उपाय रिलेचा. बॅटरीतून जाड वायर थेट दिव्यापर्यंत न्यायची, मध्ये रिले ठेवायचा (आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की टिक् करून मोठा करंट जोडणारी डबी), आणि जुन्या वायरीनं फक्त रिलेला चालू-बंद सांगायचं. तयार किट मिळतं. किट, नवे रिफ्लेक्टर (जुन्यांची चकाकी उडाली होती), दोन पिवळे फॉग लॅम्प असं सगळं एका दुपारी घेऊन झालं.

आणि मग गाडी वायरिंगवाल्याच्या दारात लागली.

पहिल्या संध्याकाळी किट बसवलं, बटण दाबलं, अंधार. रिलेची टिक् सुद्धा नाही. "रिले गेलंय बघा. नाळे बर्री, दुसरं घालतो." उद्या या, असं कन्नडमध्ये. दुसऱ्या दिवशी दुसरा रिले. अंधार. तिसऱ्या दिवशी दुकान बंद, लग्न होतं म्हणे. चौथ्या दिवशी तिसरा रिले, दुसऱ्या कंपनीचा. अंधार. जुना प्लग थेट बल्बला लावला की दिवा पेटायचा, किट लावलं की मेला. हे मी तीनदा दाखवलं. तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "आगतैती सर, आगतैती." होईल, होईल. पाचव्या दिवशी निदान बदललं: कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे तो स्टिअरिंगखालचा, गेला. अहो, स्विच गेला असता तर जुन्या प्लगवर दिवा कसा पेटला असता? हे मला तेव्हा सुचलं नाही, ही माझी चूक. नवा स्विच मागवला, दोन दिवस वाट बघितली, पंधराशे रुपये मोजले. बसवला. अंधार. पुन्हा नाळे बर्री.

मी गाडी तशीच घरी आणली. शेजारचे काका उद्यमबागेतल्या फौंड्रीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर. ते लुंगीवरच टेस्ट लॅम्प (वायरीला चिमटा आणि टोकदार पिन असलेला छोटा दिवा) घेऊन आले. चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि टोक हेडलाइटच्या जुन्या प्लगमधल्या कॉमन पिनला (लो-हाय दोन्हींची सामाईक) टेकवलं. दिवे बंद होते, तरी टेस्ट लॅम्प पेटला. काकांनी माझ्याकडं बघितलं. मग चिमटा प्लसला लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. आता लोची पिन पेटली; डिपर मारला, हायची पेटली.

"तुझ्या गाडीचा स्विच निगेटिव्ह तोडतोय रे. प्लस तर दिव्यावर कायमच बसलाय. सगळे रिले काय बडवत बसला होतास?"

एवढंच होतं. किट बनवणाऱ्यानं धरलं होतं की कॉमन पिन अर्थ असते आणि लो-हायला स्विचकडून प्लस येतो. म्हणून रिलेच्या कॉइलचं एक टोक, ८५ नंबरचं, त्यानं बॉडीला अर्थ केलं होतं आणि ८६ला लो किंवा हायची वायर दिली होती. माझ्या जिप्सीत लोची वायर येताना निगेटिव्हच घेऊन येते. कॉइलच्या दोन्ही टोकांना निगेटिव्ह. टिक् वाजणार कुठून? ८५ची अर्थ वायर कापली. जुन्या प्लगच्या कॉमन पिनचा प्लस दोन्ही रिलेंच्या ८६ला दिला, लोची वायर एका रिलेच्या ८५ला, हायची दुसऱ्याच्या. वीस मिनिटं लागली. टिक्! तो आवाज ऐकून मी खरंच टाळी वाजवली. सॉकेटात आता १३.४.

तेव्हा किट विकत घ्यायच्या आधी टेस्ट लॅम्पनं ही एक तपासणी कराच. विशेषतः जुन्या मारुती-सुझुकी कुळातली गाडी असेल तर.

आणखी आठवतंय ते: फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, रिलेपाशी नको, मधली वायर घासून बॉडीला टेकली तर आग तिथं लागते. दिव्यांना अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या. अर्थचा नट लावताना खालचा रंग खरवडून लोखंड उघडं करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. फॉग लॅम्पला वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि वेगळं बटण, आणि ते बंपरच्या खालच्या अंगाला बसवा. वर बसवलात तर धुक्यावर उजेड आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. एलईडी बल्बची हौस हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये भागवू नका. उजेड विस्कटतो आणि समोरचा शिव्या घालतो. शेवटी सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावून दिव्यांचा झोत खाली बसवून घ्या. मी ते विसरलो होतो, खानापूर रोडवर दोन रात्री सगळे मला डिपर मारत होते.

उतरवलेला जुना स्विच चांगलाच निघाला. नवा परत द्यायला गेलो तर "जोडलेला माल परत नाही."

रिलेच्या डबीच्या झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे: स्विच निगेटिव्हचा आहे, ८५ अर्थ करू नये. मराठीत मी लिहिलं, खाली कन्नडमध्ये काकूंकडून लिहून घेतलं. पाटीवरची अक्षरं वर कुठली नि खाली कुठली, यावर आमच्या गावात काय काय झालंय ते सांगायला नको; पण पुढचा वायरिंगवाला कुठली वाचणार ते मला काय ठाऊक.